पुतळाबाईची तारीख

भिवंडीजवळच्या वळ गावात लग्न ठरलं की तारीख विचारायला दोन दारांत जावं लागे. एक भटजीच्या आणि दुसरं पुतळाबाईच्या. भटजी पंचांग उघडायचा, पुतळाबाई बोटं मोजायची. दोघांचा होकार जुळला की मगच मांडवाचे बांबू यायचे. पुतळाबाईची बोटं कशाची मोजणी करतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि त्यात कुणाला लाजण्यासारखं काही वाटत नसे. पुतळाबाई धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाऊन लावणारी. ती बाहेरची झाली तर लग्न लागायचं कसं? भटाला सुतक आलं तर दुसरा भट मिळतो. धवलारीण मात्र आसपासच्या पाच गावांत एकच होती.

आगरी लग्नात हळदीपासून देवक उठेपर्यंत जे जे करायचं ते धवलारणीच्या तोंडून व्हायचं. ती देवांना बोलावणार, पितरांना बोलावणार, नवरीला हळद चढवणार आणि प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला गाणार. पुतळाबाईला हे सगळं सासूनं शिकवलं. सासूचा गळा गेला, त्याच वर्षी पुतळाबाईचा नवरा खाडीत रेतीची होडी उलटून गेला. तेव्हा तिचं वय सत्तावीस. रांडावलेल्या बाईला लग्नाच्या घरात लोक उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, हळदीच्या ताटाला हात लावू देत नाहीत. पण त्याच बाईनं धवला सुरू केला की सवाशिणी तिच्या पाया पडत. म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली, मग गळा ऐकून गप्प बसल्या. तेव्हा लोक तिला धवलारीण म्हणून मान देत होते, हे विसरून चालणार नाही. पुतळाबाई म्हणून तिला कोण विचारत होतं?

ती दर महिन्याला चार दिवस पुढच्या पडवीत बसायची, सगळ्यांना दिसेल अशी. इतर बाया मागच्या दारी आडोशाला बसत, हिचं मात्र उघड. ती बसलेली दिसली की गावातली प्रत्येक सासू मनात पुढची तारीख मांडून ठेवी. अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस. गिरणीचा भोंगाही एखाद्या दिवशी चुकेल.

मग ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला आसपासच्या जमिनी गोदामांना जायला लागल्या, हातात पैसा खेळू लागला आणि लग्नं वाढली. वैशाखात एकामागून एक मांडव. पुतळाबाईचे चार दिवस मध्ये यायला लागले. शेजारच्या काल्हेर गावच्या एका माणसानं सरळ विचारलं, "दुसरी कुठची बाय मिलंल का?" गावच्या शाळेत शिकवणाऱ्या सुमतीबाई भिवंडीहून यायच्या, बामणाच्या. त्यांच्याकडे ती मन मोकळं करायला गेली. सुमतीबाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? आमच्याकडे गौरी-गणपतीला सगळ्या जणी घेतात. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. मेडिकलमध्ये मागितल्या की देतात." डॉक्टरला विचारायचं असतं हे सुमतीबाईंनाच ठाऊक नव्हतं, तर त्या पुतळाबाईला काय सांगणार!

गोळ्या लागू पडल्या. पुतळाबाई दर हंगामाला माघापासून ज्येष्ठापर्यंत त्या घेऊ लागली. लोकांना संशय नको म्हणून ती पडवीतही बसायची, नसलेली पाळी घेऊन; फक्त ते चार दिवस मांडव चुकवून थोडे मागे-पुढे करायची आणि आधीच सांगून ठेवायची. त्या चार दिवसांत काल्हेरहून कुणी तारीख विचारायला आलं की ती लांबूनच बोटं मोजून दाखवायची. खोटं एकदा अंगवळणी पडलं की त्याला खोटं म्हणायचंही आपण विसरतो, तसं तिचं झालं.

पंच्याऐंशीच्या वैशाखात दाजीच्या केसरीनाथचं लग्न निघालं. दाजी गावातला बडा माणूस. दोन गोदामं भाड्यानं दिलेली. त्याची बायको आक्का घरातच नव्हे तर अख्ख्या आळीत राज्य करायची. नवरी कशेळीची, गोदू. एरवी देवक दीड दिवस बसतं. दाजीनं ठरवलं, आपल्या घरचं लग्न चार दिवसांचं.

इथेच घोळ झाला. पुतळाबाईच्या सासूचा दंडक होता की देवक बसल्यापासून उठेपर्यंत धवलारणीनं उपास धरायचा. चहा आणि केळं चालेल, बाकी तोंडात काही नाही, औषधसुद्धा नाही. औषध घेतलं की उपास मोडला. दीड दिवसाच्या लग्नात एखादी गोळी चुकायची, फारसं काही बिघडत नसे. या वेळी तीन गोळ्या चुकल्या. विटाळ होऊ नये म्हणून जी गोळी, तीच देवाच्या उपासासाठी सोडली. यात काही विसंगत आहे असं तिला क्षणभरही वाटलं नाही. देवाला दोन्हीकडून खूश ठेवायचं म्हटलं की माणसाचं असं हसं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दाजीच्या घरात देवकापुढे पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर नवी नवरी गोदू बसली होती आणि तिच्या मांडीला मांडी लावून पुतळाबाई. देव उठवायचा शेवटचा धवला चालू होता. गाता गाता पुतळाबाईच्या कमरेत कळ आली आणि पाठोपाठ काय झालं ते तिला कळलं.

तिनं तिथल्या तिथे उठायला हवं होतं. सासूनं तसंच शिकवलं होतं. धवलारीण विटाळली तर गाणं जिथे असेल तिथे थांबवायचं, देवक पुन्हा बसवायचं, हळद पुन्हा चढवायची. म्हणजे चार दिवसांचं लग्न पुन्हा पहिल्यापासून. दाजीसमोर, पाचशे माणसांसमोर. तिला काल्हेरच्या माणसाचं ते दुसरी बाय शोधणं आठवलं. ती उठली नाही. आवाज चढवला, धवला शेवटपर्यंत नेला, गडद लुगडं सावरत उठली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेली.

थोड्या वेळानं आक्कानं चादर उचलली. त्यावर आठ आण्याएवढा डाग होता.

आक्कानं चादर घेऊन सरळ नवरीला गाठलं. "तुजा हाय का यो?"

"नाय," गोदू म्हणाली. "माजी तर आठ दिस आधी होवून गेली."

"मंग आबालातून परला?"

पुतळाबाईवर कुणाचा संशय जाणं शक्यच नव्हतं. तिची तारीख सगळ्या गावाला पाठ होती, अजून बारा दिवस होते. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव म्हणतात ना, तसं ते त्या पोरीच्या कपाळी आलं. पाळी आलेली लपवून देवापुढे बसली, विटाळ केला, लबाड निघाली. अंगाची हळद उतरायच्या आत तिला पडवीत बसवलं.

आणि यावर उपाय काय म्हणून आक्कानं माणूस कुणाकडे धाडावं? पुतळाबाईकडेच. ती आली. काय करावं लागेल ते तिनं गंभीर तोंडानं सांगितलं. गोमूत्र शिंपडा, चादर खाडीत सोडा आणि पोरीला पाचव्या दिवशी उघड्यावर, पाच बायांसमोर डोक्यावरून पाच घागरी पाणी. त्या घागरी धवलारणीनं ओतायच्या असतात. तिनं त्या ओतल्या. गोदू डोळे मिटून कुडकुडत बसली होती. वैशाखात कुणी कुडकुडत नाही, पण ती कुडकुडत होती. पाचव्या घागरीपर्यंत पुतळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. पण बोलली मात्र नाही. पुढे कधीतरी बोलू, सगळं जरा थंड झालं की बोलू, असं म्हणत तिनं तो दिवस ढकलला आणि त्याच्यामागे दुसराही.

अशी चार वर्षं गेली. गोदूला मूल झालं नाही. तिची पाळीही धड येईना. कधी तीन महिन्यांनी, कधी चार. आक्का तिच्यावर डोळा ठेवूनच होती. "बगा, देवाचा कोप! तवा लपवली, आता देव दाखवतच नाय," असं ती नळावर दहाजणींत बोलायची. सुरुवातीला पाळी चुकली की घरात आशा वाटायची, गोडधोड व्हायचं. मग पुन्हा यायची आणि आक्का ताट आपटायची. गोदू सुजल्यासारखी दिसू लागली. तिचे केस विरळ झाले, चालताना धाप लागायची. आवाज जाडसर झाला. भर उन्हाळ्यात ती अंगावर चादर घ्यायची. लोक म्हणत, शापानं अंग धरलंय. पुतळाबाईही तेच म्हणे, फक्त मनात. तिची खात्रीच झाली होती की आपल्या पापानं या पोरीची कूस बांधली. नळावर गोदू दिसली की ती हंडा तसाच ठेवून दुसऱ्या वाटेनं निघून जायची.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात पुतळाबाईची स्वतःची पाळी थांबली. हंगाम संपून गोळ्या बंद केल्या तरी आली नाही. एक महिना, दोन, चार. ती ठरल्या दिवशी पडवीत बसायची, पण आता तिला घाम फुटायचा. विधवा बाई, पाळी चुकलेली. गावाला कळलं तर काय म्हणतील ते सांगायला पंचांग लागत नाही. शेवटी एका मंगळवारी ती भिवंडीला गेली. ब्राह्मण आळीत विद्युल्लताबाई म्हणून डॉक्टर होत्या. मागच्या गल्लीत कापडाच्या लूमचा खडखडाट चालू असे, त्यामुळे बाई जरा मोठ्यानं बोलत. त्याचीच पुतळाबाईला धास्ती.

"दिवस गेले असतील का?" डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला.

पुतळाबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "मालक जावून सोला वर्सं झाली, बाय," ती पुटपुटली.

"मला तुमच्या मालकांशी काय करायचंय! पाळी चुकली की आधी ते बघायचं, मग बाकीचं. लाजू नका." बाईंनी तपासलं. मग वय विचारलं, झोप, वजन, उपास, काळजी, सगळं विचारलं. "औषध काही घेता का?"

पुतळाबाईनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. आजवर ती पट्टी कुणालाही दाखवली नव्हती. डॉक्टरबाईंनी उलटसुलट करून पाहिली. "किती दिवस घेताय?"

"सा वर्सं. पाच-पाच महिने."

"कुणी दिल्या?"

"कोनी नाय. मीच."

बाईंनी कपाळाला हात लावला. चिडल्या, पण मग खुर्ची पुढे ओढून समजावून सांगू लागल्या. "गर्भाशयाचा एक हिशोब असतो, पुतळाबाई. तुम्ही तो सहा वर्षं बिघडवलात. त्यात तुमचं वय त्रेचाळीस. आता पाळी अशीच मागे-पुढे होत होत जाईल. गोळ्या बंद म्हणजे बंद." मग त्या सहज म्हणून गेल्या, "आणि ही गोळी घेताना मध्येच दोन-तीन दिवस सोडलीत की अंगावर जाणारच. तिची रीतच ती. तसं झालं होतं का कधी?"

पुतळाबाईनं पट्टी उचलून पुन्हा कमरेच्या पिशवीत घातली. कानात मागच्या गल्लीतले लूम एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. देवाचा कोप नव्हता, काही नव्हतं. उपासापायी सोडलेल्या तीन गोळ्या, एवढाच सगळा मामला होता आणि त्यापायी एक पोर चार वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. आजवर निदान देवाच्या नावावर तरी ढकलता येत होतं. आता तेही गेलं.

उठता उठता ती म्हणाली, "आमच्यात एक पोर हाय, बाय. तिची पाली चार-चार महिने येत नाय. लगीन होवून चार वर्सं झाली, पोर नाय. शापानं होतं का असा?"

"शापानं माझ्याकडे एकही पेशंट येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाच्या बीजकोषात पाण्याच्या गाठी असतात, कुणाला आतून क्षय असतो, कुणाचं वजन फार, तर कुणाचं फार कमी. कुणी रोज घरात बोलणी खाऊन चुकते, हो, काळजीनंही चुकते. कुणाचं गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं असतं. पोरगी न बघता काय सांगू? घेऊन या."

घेऊन या म्हणणं सोपं. आक्का सुनेला डॉक्टरकडे पाठवणार नव्हती. शापाला औषध नसतं हे तिचं ठरलेलं होतं. पण धवलारणीच्या शब्दाला मान होता. पुतळाबाईनं पुन्हा खोटं सांगितलं. गोदूला वज्रेश्वरीला नेते म्हणाली, कुंडात न्हाऊ घालते, नवस बोलते. आक्का खूश झाली, नारळ दिला. एसटी भिवंडीला आली तशी पुतळाबाई गोदूला म्हणाली, "उतर." गोदू उतरली.

डॉक्टरबाईंनी गोदूचा गळा चाचपला, नख पाहिलं, डोळ्यांखाली दाबून पाहिलं. "थंडी वाजते? दमायला होतं? आवाज आधीपासून असाच?" गोदू प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. "पाळी कधीपासून अशी?"

"लग्नाच्या साली पावसाल्यापासून."

"लग्नाच्या वेळी नीट होती?"

"नीट होती. लग्नाच्या आठ दिस आधी होवून गेली." गोदूनं मान वर केली. "लग्नात नव्हती."

हे ती डॉक्टरबाईंकडे पाहून बोलली. पुतळाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं. तिनं स्वतःची समजूत काढली, पोरीला आपला डाग नव्हता एवढं ठाऊक असणारच, पण कुणाचा ते कुठून ठाऊक असणार? चादरीवर दहा बाया टेकल्या असतील.

रक्त मुंबईला तपासायला गेलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही, सहा महिन्यांत पाळी रांगेला लागेल आणि मग मुलाचंही बघू. घरी गोळ्या ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा बाटली पुतळाबाईकडे राहिली. रोज पहाटे नळावर ती मुठीतून एक गोळी गोदूच्या हातावर ठेवी, गोदू ओंजळभर पाण्यानं गिळी आणि हंडा उचलून चालू लागे. महिनाभरात पुतळाबाईनं पन्नास वेळा तोंड उघडलं असेल आणि पन्नास वेळा मिटलं. आता पोर बरी होईल, तिला मूल होईल, डागाचं सगळे विसरतील, मग बोलायची गरजच काय, असाही एक विचार तिच्या मनात येऊन जाई. आपण किती हलके आहोत ते तिला त्या विचारानंच कळायचं.

पण सहा महिने थांबायला आक्का तयार नव्हती. मार्गशीर्षात एका सकाळी दाजी आणि आक्का दोघं पुतळाबाईच्या पडवीत येऊन बसले. आक्काच्या हातात सुपारी होती.

"केसरीनाथचं पुन्यांदा करताव," दाजी म्हणाला. त्याला ते बोलणं जड जात होतं, पण बोलला. "पोर बगितली हाय. गोदूला कशेलीला पोचवताव, तिच्या बापाला सांगितला हाय."

"तवाच देव कोपला," आक्का म्हणाली. "पहिल्याच लग्नात विटाल. आता शुद्ध पोर आनू. पुतला, तुजी तारीक सांग, मंग भटाकडं जातो."

पुतळाबाईनं सवयीनं बोटावर अंगठा ठेवला. पहिलं पेर, दुसरं पेर. तिसऱ्यावर तो थांबला.

"माजी तारीक नाय," ती म्हणाली. "सा महिने पाली आयली नाय."

आक्का बघतच राहिली. "पन तू तर बसत व्हतीस!"

"खोटी बसत व्हती." आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. गोळ्या, उपास, चादर, तो शेवटचा धवला. "तो डाग माजा व्हता, आक्का. गोदूचा नाय. तुमच्या देवापुढं मी विटालली नि उठली नाय."

दाजीचा चेहरा उतरला. पण आक्का हसली. "पोरीची दया आयली तुना! तिला वाचवाला आपल्या अंगावर घेतंस. धवलारीन हाईस, असा करशील व्हय तू?"

चार वर्षं खोटं बोललेलं सगळ्यांनी खरं मानलं होतं आणि आता एकदा खरं बोलली तर कुणाला पटेना. पुतळाबाई उठली. "चला," म्हणाली, "तिच्यासमोर बोलते."

दाजीच्या अंगणात गोदू भात वाळत घालत होती. तिचं गाठोडं ओटीवर बांधून ठेवलेलं होतं. शेजारच्या दोघीतिघी जमल्या. पुतळाबाईनं सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता. तिचा तो गळा, पाच गावांत वाखाणलेला, त्या दिवशी फाटक्या पत्र्यासारखा वाजत होता. सांगून झाल्यावर ती गोदूच्या पायाशी वाकली. गोदू मागे सरली.

"तुना ठावं व्हता?" आक्कानं सुनेला विचारलं.

"व्हय."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी मना इचारलात, तुजा हाय का. मी बोलली, नाय. त्याच्या पुढं कुनी इचारलाच नाय." गोदूनं हातातलं सूप खाली ठेवलं. "नि मी नाव घेतला असता तर कुनी ऐकला असता? ती धवलारीन, मी नवी सून."

मग ती पुतळाबाईकडे वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, पाच घागरी वोतल्या ना तुमी माज्या डोक्यावर? पयल्या घागरीला तुमचा हात कापत व्हता. तवाच मना कललं. मी डोले मिटून वाट बगत व्हती. मना वाटला, दुसऱ्या घागरीला बोलतील. मंग वाटला, तिसऱ्या घागरीला बोलतील."

पुतळाबाईला त्या अंगणातून घरी कसं यायचं ते सुचेना. कुणीतरी तिला हाताला धरून पोचवलं.

केसरीनाथचं दुसरं लग्न झालं नाही. सुपारी परत गेली, गाठोडं सुटलं. त्यात गोदूवरचं प्रेम किती आणि लोक काय म्हणतील याची भीती किती, ते दाजीलाच ठाऊक. गोळी आता घरातच राहू लागली. फाल्गुनात गोदूची पाळी महिन्याच्या महिन्याला आली आणि एक्याण्णवच्या श्रावणात तिला मुलगी झाली. अंगणातल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी पुतळाबाई नळावर जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळ्या बायांना सांगून आली होती. काही महिने लोकांनी तिचं नाव टाकलं. ज्याच्या घरात भांडण, ज्याच्या गाईला वासरू नाही, तो तो आपल्या लग्नाची तारीख काढून तिला बोल लावी. पण गाव किती दिवस रागावणार? काल्हेरची एक म्हातारी आणून पाहिली, तिला निम्मे धवले येत नव्हते. शिवाय पुतळाबाईची पाळी आता कायमची गेली होती, म्हणजे तारखेचीही कटकट उरली नव्हती. लोक पुन्हा तिच्या दारात येऊ लागले. ती नाही म्हणायची. लोकांना वाटे, मनधरणी करून घेतेय.

त्र्याण्णवला केसरीनाथच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, तेव्हा खुद्द आक्का आली. पडवीत बसली, जुनं काढलं नाही. म्हणाली, "आता काय राह्यला हाय, पुतला? सगला इसरला गाव. मीबी इसरली. चल तू."

पुतळाबाईनं हात जोडले. "येईन, आक्का. वाढाला येईन, भांडी घासाला येईन. धवला नाय."

"पन का? कोन काय बोलनार हाय तुना?"

"कोनी नाय बोलनार." पुतळाबाई खाली बघत म्हणाली. "त्या चार वर्सांत वलमदी अकरा लग्नं झाली, आक्का. अकराच्या अकरा मांडवांत गोदू व्हती. मी गात व्हती, नि ती माज्या तोंडाकडं बगत बसली व्हती."